भिंतीवरचे बटण कोणाच्या मालकीचे?

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



खोलीतला दिवा लावणारे बटण हा अभ्यासवर्गाच्या विचाराचा विषय व्हावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी काहीशी विचित्र वाटण्याजोगी आहे. जमीन, कारखाने, बँका, खाणी यांच्या मालकीविषयी अशा वर्गांतून पुष्कळ चर्चा होत आली. घरगुती वापराच्या वस्तूंची मालकी मात्र नेहमीच वादातीत मानली गेली. दुकानात ज्याने पैसे मोजले त्याची वस्तू झाली, हा व्यवहार इतका सरळ होता की त्यावर तात्त्विक ऊहापोह करण्याचे प्रयोजनच पडले नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत हा सरळपणा संपुष्टात आला आहे. तो कसा संपला हे समजून घ्यावयाचे तर काही शे रुपयांना मिळणाऱ्या ‘स्मार्ट’ बटणाइतके सोपे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

ही बटणे ग्राहकांनी कंपन्यांच्या ताब्यातून सोडवून घेतली, त्यांतील मूळ आज्ञावली पुसून तेथे आपली आज्ञावली बसवली, याचा इतिहास आता जवळजवळ दशकभराचा झाला आहे. त्या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. बटणावरची कंपनीची पकड ही यंत्राची गरज नसून धंद्याची सोय आहे, हा पहिला. ही पकड व्यक्तिगत कौशल्याने सैल करता आली तरी सर्वसामान्यांसाठी ती सुटावयाची असेल तर कायद्याचाच आधार घ्यावा लागेल, हा दुसरा. हे दोन्ही निष्कर्ष तपासून पाहणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

बटणाच्या पोटात काय असते

साध्या बटणात तांब्याच्या पट्ट्या असतात. त्या जुळल्या की दिवा लागतो आणि विलग झाल्या की विझतो. ‘स्मार्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बटणात हेच काम रिले करतो आणि रिलेला हुकूम देणारी एक चिप त्याच्या शेजारी बसवलेली असते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप २०१४ मध्ये जगभरच्या हौशी तंत्रज्ञांच्या हाती आली आणि या धंद्याचे स्वरूपच पालटले. वाय-फाय आणि छोटा संगणक एकाच तुकड्यावर, तोही अवघ्या काही डॉलरांत, ही गोष्ट तोवर दुर्मिळ होती. या चिपची माहितीपत्रके आरंभी चिनी भाषेत होती. निरनिराळ्या देशांतील लोकांनी ती वाचली, भाषांतरित केली, प्रयोग करून पडताळली आणि आपसांत वाटून घेतली. त्याच वर्षी कंपनीनेही आज्ञावली लिहिण्याची साधने उपलब्ध करून दिली. चिपच्या लोकप्रियतेत या मोकळेपणाचा वाटा मोठा होता, हे पुढील हकिगतीच्या दृष्टीने ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे शेन्झेनच्या आयटीड कंपनीने या चिपभोवती ‘सोनऑफ’ नावाची स्वस्त बटणे काढली. २०१४ मध्ये हांगझौ येथे स्थापन झालेल्या तुया कंपनीने तर बटणाचा मेंदू, फोनवरचे अ‍ॅप आणि दूरचा सर्व्हर असा संपूर्ण संचच इतर उत्पादकांना पुरवण्यास आरंभ केला. त्यामुळे दुकानाच्या फळीवर डझनभर निरनिराळ्या छापांची खोकी मांडलेली दिसली, तरी त्यांच्या पोटातील मेंदू पुष्कळदा एकाच घरचा असतो. ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळते ते वेष्टनाच्या रंगापुरते.

चिपमध्ये कायम वस्तीला असलेल्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. बटण कोणाचे ऐकेल आणि कोणाचे ऐकणार नाही, हे फर्मवेअर ठरवते. कंपनीने घातलेले फर्मवेअर सामान्यतः कंपनीच्या सर्व्हरशी बांधलेले असते. नाशिकच्या एखाद्या घरात बैठकीच्या खोलीतला दिवा फोनवरून लावावयाचा म्हटले, तर तो हुकूम पुष्कळदा घराबाहेर पडतो, कदाचित दुसऱ्या देशातील यंत्रापर्यंत जातो, तेथे ग्राहकाचे खाते तपासले जाते आणि मग तोच हुकूम परत फिरून सहा फुटांवरच्या रिलेपर्यंत पोचतो. घरातील माणसे केव्हा उठतात, केव्हा झोपतात, घर रिकामे केव्हा असते, याची नोंद ठेवण्याची सोय या प्रवासात आपोआप झालेली असते. इंटरनेट बंद पडले तर फोनवरची आज्ञा निष्फळ होते. कंपनीने सर्व्हर बंद केला तर ती कायमची निष्फळ होते.

सातबाराच्या उताऱ्यात भोगवटादाराचे नाव एका ठिकाणी असते आणि ‘इतर हक्क’ निराळ्या रकान्यात नोंदलेले असतात. जमिनीचा व्यवहार करणारा शहाणा माणूस तो रकाना आधी वाचतो. स्मार्ट बटणाच्या बाबतीत खरेदीची पावती ग्राहकाच्या नावाची असते. परंतु ‘इतर हक्कां’च्या रकान्यात कंपनी बसलेली असते, आणि हा रकाना खोक्यावर छापलेला नसतो. अ‍ॅप उघडताना ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवले की त्यावर ग्राहकाची सही झाली, असे समजले जाते.

कंपनीने हात काढून घेतला तेव्हा

ही भीती काल्पनिक आहे असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. अमेरिकेतील रिव्हॉल्व्ह नावाच्या कंपनीने घरातील दिवे, कुलुपे इत्यादींचे नियंत्रण करणारे एक यंत्र सुमारे तीनशे डॉलरना विकले आणि त्याची सेवा आजन्म मिळेल असे सांगितले. ऑक्टोबर २०१४ मध्ये ही कंपनी गूगलच्या मालकीच्या नेस्टने विकत घेतली. १५ मे २०१६ रोजी सेवा बंद झाली आणि ग्राहकांच्या घरातील ती यंत्रे निरुपयोगी झाली. यंत्रात बिघाड झालेला नव्हता. ‘आजन्म’ या शब्दातील जन्म ग्राहकाचा धरावयाचा की कंपनीच्या सोयीचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कंपनीने एकतर्फी दिले.

मे २०२० मध्ये विंक या कंपनीने ग्राहकांना जेमतेम एका आठवड्याच्या मुदतीने कळवले की यापुढे सेवा हवी असेल तर दरमहा ४.९९ डॉलर भरावे लागतील. विकत घेतलेल्या वस्तूवर खंड सुरू झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले. त्याच वर्षी जूनमध्ये काही ग्राहकांनीच एकत्र येऊन तो व्यवसाय विकत घेतला, तेव्हा कोठे सेवा पुन्हा चालू झाली. जुलै २०२५ मध्ये बेल्किन कंपनीने आपल्या ‘विमो’ मालिकेतील बहुतेक उपकरणांची अ‍ॅप व सर्व्हरची सेवा ३१ जानेवारी २०२६ रोजी थांबवण्याची घोषणा केली. या चारही प्रसंगांत कंपन्या वेगळ्या, कारणे वेगळी. परिणाम मात्र एकच. घरातील धडधाकट वस्तूचे आयुष्य घराबाहेरच्या हिशेबवहीत ठरले.

कूळकायद्याचा इतिहास महाराष्ट्राला परिचित आहे. राबणारा एक आणि हक्कदार दुसरा, ही विसंगती दूर करण्यासाठी १९४८ चा कायदा झाला. येथे विसंगती उलट्या दिशेने आली आहे. कागदोपत्री मालक असलेला माणूस व्यवहारात कूळ होऊन बसला आहे. फरक एवढाच की, कुळाला आपण कूळ असल्याचे माहीत होते.

सोडवणुकीचा इतिहास

या परिस्थितीला उत्तर म्हणून जे घडले त्याचा आरंभ कोणत्याही सभेत वा जाहीरनाम्यात झाला नाही. थेओ आरेंड्स या डच तंत्रज्ञाने २०१६ च्या सुमारास सोनऑफ बटणासाठी स्वतःचे फर्मवेअर लिहिले आणि ते सर्वांसाठी खुले केले. ‘टास्मोटा’ या त्याच्या नावात आरेंड्स यांच्या नावाची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. बटणाने कंपनीच्या सर्व्हरकडे न जाता घरातल्याच एखाद्या लहान संगणकाचे ऐकावे, एवढीच त्यामागील कल्पना होती. आरंभी एका उपकरणासाठी लिहिलेली ही आज्ञावली पुढे अनेकांच्या हातभाराने वाढत गेली. आज तिच्यावर चालणाऱ्या उपकरणांच्या सूचीत दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत. ओटो विंटर यांनी आरंभ केलेले ‘ईएसपीहोम’ हे दुसरे फर्मवेअरही असेच वाढले, आणि एप्रिल २०२४ पासून ते ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे.

उपकरणांनी आपसांत बोलण्यासाठी या मंडळींनी जी भाषा निवडली तिचाही इतिहास बोधप्रद आहे. एमक्यूटीटी ही संदेशपद्धती १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी रचली. दूर अंतरावरच्या यंत्राकडून उपग्रहामार्गे थोडक्या खर्चात खबर मिळावी, हा तिचा उद्देश. पद्धती खुली असल्यामुळे मोठ्या उद्योगासाठी घडलेले हे साधन सामान्य घरातील दिव्याच्या उपयोगी पडले. ज्ञानाला कुंपण घातले नाही की ते कोठे जाऊन रुजेल याचा अंदाज करता येत नाही.

याला पूर्वपीठिकाही आहे. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. तो वरचेवर अडे. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती. परंतु मूळ आज्ञावली पाहण्यास त्यांना नकार मिळाला. या नकाराने त्यांच्या पुढील वाटचालीस चालना दिली. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना प्रसिद्ध झाला. खुली आज्ञावली वापरून, तीत बदल करून जो ती पुढे वाटेल त्याने आपले बदलही खुले ठेवले पाहिजेत, अशी त्याची मुख्य अट. २००३ मध्ये लिंकसिस कंपनीच्या राउटरमध्ये याच परवान्याखालील आज्ञावली वापरली गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा कंपनीला मूळ आज्ञावली प्रसिद्ध करावी लागली. तिच्यातूनच ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे राउटरचे स्वतंत्र फर्मवेअर उभे राहिले. टास्मोटाही याच परवान्याच्या छत्राखाली आहे. सामाईक श्रमातून निर्माण झालेले सामाईकच राहावे, यासाठी केवळ सदिच्छा पुरत नाही. कायद्याच्या भाषेत लिहिलेली अट लागते, हे या परवान्याने दाखवून दिले.

कंपन्या अर्थातच स्वस्थ बसल्या नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये लाइपत्सिग येथे केऑस कॉम्प्युटर क्लबच्या वार्षिक अधिवेशनात मिखाएल श्टायगरवाल्ड यांनी तुयाच्या उपकरणांतील सुरक्षेच्या उणिवा जाहीरपणे मांडल्या. घरातील वाय-फायचा परवलीचा शब्दसुद्धा चिपमध्ये उघड्या स्वरूपात साठवलेला होता. म्हणजे फेकून दिलेल्या दिव्यातूनही तो वाचता येत होता. याच उणिवांचा उपयोग करून डबी न उघडता नवे फर्मवेअर घालण्याची ‘तुया-कन्व्हर्ट’ ही युक्ती प्रचारात आली. उपकरण आपल्या सर्व्हरकडे सुधारित आज्ञावली मागते, त्या वेळी घरातलाच एक संगणक सर्व्हर म्हणून उत्तर देतो आणि कंपनीच्या आज्ञावलीऐवजी खुली आज्ञावली पुढे करतो, असे तिचे सूत्र. कंपनीने ती वाट बुजवली. पुढे उपकरणांत ईएसपीच्या जागी बेकेन कंपनीच्या चिपा येऊ लागल्या. त्यांच्यासाठीही ‘ओपनबेकेन’ हे फर्मवेअर लिहिले गेले आणि २०२२ मध्ये ‘तुया-क्लाउडकटर’ ही नवी वाट सापडली. कुलूप आणि किल्ली यांची ही शर्यत चालूच आहे. परंतु स्वतःच्या घरातील बटणाचा ताबा मिळवण्यासाठी माणसाला चोरवाट शोधावी लागावी, यातच व्यवस्थेचे अपयश आहे.

कृती आणि तिचे धोके

प्रत्यक्ष कृती वर्णन करताना जितकी अवघड वाटते तितकी ती नसते. जुन्या सोनऑफ बटणाची डबी उघडली की आतील पट्टीवर छिद्रांची एक ओळ दिसते. कारखान्यात चिपमध्ये आज्ञावली भरण्यासाठीच ती ठेवलेली असते. त्यांतील चार छिद्रांना चार तारा जोडावयाच्या: एक ३.३ व्होल्ट वीज देणारी, एक भूमी म्हणजे ग्राउंडची, एक संदेश पाठवणारी आणि एक घेणारी. वीज सुरू करताना बटण दाबून धरले की चिप नवी आज्ञावली स्वीकारण्यास तयार होते. शहाण्या माणसाने प्रथम जुन्या फर्मवेअरची प्रत काढून ठेवावी, मग नवे भरावे. ज्या छिद्रांतून कारखान्याने हुकूम भरला त्याच छिद्रांतून ग्राहक आपला हुकूम भरतो.

तथापि एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली पाहिजे. हे काम चालू असताना बटण घरातील २३० व्होल्टच्या विजेला कदापि जोडलेले असता कामा नये. पुष्कळ स्वस्त उपकरणांत चिपचा भाग आणि मुख्य वीजप्रवाह यांच्यामध्ये विश्वासार्ह विलगता नसते. अशा वेळी संगणकाची तार जोडली तर संगणक तर जळेलच, परंतु माणसाच्या जिवावरही बेतेल. फर्मवेअर बदलल्याने रिलेची ताकद वाढत नाही, हेही विसरून चालणार नाही. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो आणि ३००० वॉटचा १३. खोक्यावर १० अँपिअर लिहिलेल्या स्वस्त बटणावर तासन्‌तास एवढा भार टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. आज्ञावली कितीही खुली असली तरी तांबे, टाका आणि उष्णता यांचे नियम बदलत नाहीत. वायरिंगचे काम जाणकार वीजतंत्र्याकडूनच करून घेतले पाहिजे.

कंपन्यांची बाजू

कंपन्यांचे आक्षेप विचारात घेतल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. कोणीही उठून फर्मवेअर बदलू लागला तर जाळ्यात असुरक्षित उपकरणे शिरतील, असे म्हटले जाते. या म्हणण्यात अजिबात तथ्य नाही असे नव्हे. निष्काळजीपणे बसवलेले, परवलीच्या शब्दाशिवाय उघडे ठेवलेले स्वतंत्र फर्मवेअर धोकादायकच असते. परंतु २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक आज्ञावलीने कॅमेरे व राउटर यांसारखी असंख्य उपकरणे काबीज केली आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला डिन कंपनीच्या सेवेवर हल्ला चढवून अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे ठप्प केली, तेव्हा ती उपकरणे हौशी तंत्रज्ञांनी बिघडवलेली नव्हती. कारखान्यातच घातलेले ठरावीक परवलीचे शब्द हे त्यांचे व्यंग होते. शिवाय कंपनीने लक्ष देणे थांबवलेल्या जुन्या उपकरणाची देखभाल यापुढे कोण करणार, या प्रश्नाला कंपन्यांजवळ ‘नवे विकत घ्या’ याखेरीज उत्तर नसते. स्वतंत्र फर्मवेअरजवळ ते आहे.

दुसरा आक्षेप रेडिओ लहरींच्या नियमांचा. फर्मवेअर बदलून उपकरणाने मर्यादेपलीकडे लहरी सोडल्या तर काय, अशी शंका घेतली जाते. अमेरिकेतील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने लहरींच्या मर्यादेच्याच प्रश्नावरून टीपी-लिंक कंपनीवर कारवाई केली. परंतु ऑगस्ट २०१६ मधील तडजोडीत २ लाख डॉलरच्या दंडाबरोबरच, राउटरवर अन्य लोकांचे फर्मवेअर चालू शकेल यासाठी सहकार्य करण्याची हमीही कंपनीकडून घेतली. नियमांचे पालन आणि ग्राहकाचे स्वातंत्र्य यांत अपरिहार्य विरोध नाही, असाच याचा अर्थ होतो.

तिसरा आक्षेप किमतीचा. सर्व्हरशी बांधले म्हणून वस्तू स्वस्त मिळते, असे सांगितले जाते. येथे अनुभवच बोलका आहे. बल्गेरियातील शेली कंपनीची उपकरणे सर्व्हरशिवाय घरातल्या घरात चालवण्याची सोय देतात, आणि तो धंदा बुडालेला नाही. सोनऑफच्या उत्पादकांनीही २०१९ पासून काही बटणांत ग्राहकाला स्वतःचे नियंत्रण जोडता यावे अशी व्यवस्था केली. टास्मोटाने जे सिद्ध केले तेच बाजाराने थोड्याफार प्रमाणात मान्य केले. तीच चिप, तोच रिले, तीच किंमत. बदलला तो फक्त हुकमाचा धनी.

कौशल्याची मर्यादा

एवढे झाल्यावर या चळवळीचा उदोउदो करून थांबणे सोपे आहे. परंतु तिच्या मर्यादा दाखवणे अधिक अगत्याचे आहे. फर्मवेअर बदलण्यासाठी संगणक लागतो, इंग्रजी वाचता यावे लागते, मोकळा वेळ लागतो आणि एखादे उपकरण बिघडले तर ते सोसण्याची ऐपत लागते. ज्या घरात या चारही गोष्टी आहेत त्या घराची सुटका झाली. बाकीच्यांचे काय? स्वस्त वस्तू घेणारा बहुसंख्य ग्राहक या चौकटीत बसत नाही, आणि कंपनी सर्व्हर बंद करते तेव्हा सर्वाधिक नुकसान त्याचेच होते. काहींच्या हाती असलेली किल्ली हा सर्वांचा हक्क होऊ शकत नाही.

घराच्या आतही हाच प्रश्न उभा राहतो. जून २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक वृत्तांत प्रसिद्ध केला. घरातील दिवे, कुलुपे, वातानुकूलन यांचे नियंत्रण ज्याच्या फोनवर आहे तो पुरुष त्याचा उपयोग पत्नीला वा पूर्वपत्नीला छळण्यासाठी कसा करतो, याच्या हकिगती त्यात होत्या. बटण कंपनीकडून सोडवून घरातील एका जाणत्या पुरुषाच्या हाती दिले, तर घरातील इतरांच्या दृष्टीने केवळ मालक बदलला. तो परगावी गेला आणि त्याचा संगणक बंद पडला, तर म्हाताऱ्या आईने अंधारात बसावयाचे काय? म्हणूनच भिंतीवरचे, हाताने दाबावयाचे बटण कोणत्याही जाळ्याशिवाय चालले पाहिजे, हा लोकशाहीचा किमान नियम मानला पाहिजे. चांगल्या स्वतंत्र फर्मवेअरमध्ये तो पाळता येतो: जाळे तुटले तरी हाताच्या दाबाने रिले चालू-बंद होतो. फर्मवेअर बदलणाऱ्याने पहिली कसोटी याच गोष्टीची घ्यावी, आणि ते कसे चालते हे घरातील प्रत्येकाला समजावून सांगावे.

काय मागितले पाहिजे

भारतातील कायदा या बाबतीत पूर्णपणे प्रतिकूल नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ आज्ञावलीचा कायदेशीर ताबा असलेल्या व्यक्तीला एक सवलत देते: ती आज्ञावली स्वतंत्रपणे लिहिलेल्या दुसऱ्या आज्ञावलीशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक असलेली आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती काढण्याची. तांत्रिक कुलूप तोडण्याविषयीचे कलम ६५अ २०१२ मध्ये आले. परंतु तेही हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्यापुरतेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले; शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. परंतु कंपन्यांनी दिलेली माहिती एकत्र करणे ही एक गोष्ट, आणि कंपन्यांवर बंधन घालणे ही निराळी. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे बंधन अमलात आहे: सर्व उपकरणांना एकच परवलीचा शब्द घालण्यास मनाई आहे, आणि सुरक्षेची देखभाल किमान किती काळ चालेल हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट १० डिसेंबर २०२४ रोजी अस्तित्वात आला. त्यातील मुख्य बंधनांसाठी डिसेंबर २०२७ ही मुदत ठरली आहे.

या पार्श्वभूमीवर ग्राहक चळवळीने आणि कामगार चळवळीने मिळून काही नेमक्या मागण्या पुढे ठेवणे आवश्यक आहे. घरातील विजेच्या उपकरणाला घरातल्या घरात, सर्व्हरशिवाय चालण्याची सोय सक्तीची असावी. सर्व्हरवर अवलंबून असलेल्या वस्तूच्या खोक्यावर ते ठळक अक्षरांत, स्थानिक भाषेत छापलेले असावे आणि सेवा किती वर्षे मिळेल याची तारीख त्यावर असावी. कंपनीने सेवा बंद करताना उपकरणाचे कुलूप उघडण्याची साधने व आवश्यक माहिती प्रसिद्ध करावी. ज्या यंत्रात बिघाड नाही ते कचऱ्यात जाऊ नये. फर्मवेअर बदलणे हा गुन्हा नाही आणि ग्राहकाचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्या कारणाने हमी रद्द करता येणार नाही, हे कायद्याने स्पष्ट करावे.

या मागण्यांबरोबरच एक विधायक कामही आहे, आणि त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री आणि तारतंत्री तयार होतात. घरोघरी स्मार्ट बटणे बसवण्याचे काम त्यांच्याकडेच येते; परंतु त्या बटणाच्या आत काय आहे याचे शिक्षण त्यांना मिळावयास हवे. एके काळी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस गावोगाव होता, कारण रेडिओची विद्या कोणीही शिकू शके आणि पुष्कळ संचांच्या आकृत्या मिळत. फर्मवेअर भरण्याची विद्याही त्याच पायरीवर आणता येईल. टास्मोटासारख्या आज्ञावलीच्या वापराची माहिती शुद्ध, सोप्या मराठीत लिहून काढणे, तालुक्याच्या गावी एखाद्या प्रशिक्षण संस्थेत वा ग्रंथालयात आठवड्यातून एक दिवस जाणत्याच्या देखरेखीखाली हे काम करून देणे, यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. चार तारा आणि एक जुना संगणक एवढेच त्याचे भांडवल. यामुळे कौशल्य एका घरातून दुसऱ्या घरात जाईल आणि कारागिराला त्यातून रोजगारही मिळेल.

खुल्या आज्ञावलीचे लेखन करणारे लोक निरनिराळ्या देशांचे आहेत. त्यांतील बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलेही नाही. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने आपल्या उपकरणाची नोंद जोडावी, अशा रीतीने हे काम वाढत आले आहे. आपल्या श्रमाचे फळ सर्वांचे आहे आणि सर्वांच्या श्रमाचे फळ आपले आहे, या तत्त्वावर गुंतागुंतीची, रोजच्या वापराची वस्तू निर्माण होऊ शकते, हे या लोकांनी कोणताही आव न आणता सिद्ध केले आहे. त्यांनी एका बटणाचा ताबा मिळवून दिला. त्या ताब्याचे हक्कात रूपांतर करणे हे मात्र तंत्रज्ञांचे काम नाही. ते संघटित नागरिकांचे काम आहे, आणि ते त्यांनी आता हाती घेतले पाहिजे.